दुष्काळाचं जनुक सापडलं, मग वाण कुठं आहे?

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "जुन्नर तालुक्यात आणे पठारावर आमची कोरडवाहू शेती आहे. बाबा सोयाबीन आणि थोडा भुईमूग घेतात. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की दोन्ही पिकं माना टाकतात. दुष्काळ सोसणारं जनुक सापडल्याच्या बातम्या मी शाळेपासून वाचतेय. मग तसं बियाणं दुकानात का मिळत नाही? आणि तेलबियांमधली ताणाची जनुकं हा विषय मी प्रबंधासाठी घेऊ का?"

विषय जरूर घे. पण त्याआधी बाबांना विचारून ये: खंड साधारण कोणत्या नक्षत्रात पडतो आणि तेव्हा पीक किती दिवसांचं असतं? तेलबियांच्या पैदाशीत उमेदीची वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय की दुष्काळाचा हा पत्ता हातात नसेल, तर जनुकांची कितीही लांब यादी शेतात कामाला येत नाही. प्रत्येक जनुक कोणत्या तरी एका दुष्काळावरचा इलाज असतं आणि दुसऱ्या दुष्काळात तेच अंगाशी येतं. वाण का मिळत नाही याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

तुझाच तालुका घे. नाणेघाटाच्या बाजूला पाऊस इतका की भात सोडून काही सुचत नाही, आणि आणे पठारावर प्यायच्या पाण्याची ओढाताण. दोन्ही गावांना तालुक्याचं ठिकाण एकच. आणे पठारावरही वीतभर मुरमाड रान वेगळं आणि ओघळीतली भारी काळी जमीन वेगळी. मीटरभर खोल काळी जमीन भरली की पिकाला उपसता येईल असं पाणी त्यात साधारण २०० मिलिमीटरच्या घरात असतं. मुरमाडात ते ५० च्या आतच संपतं. उघडीप पडलेल्या कडक दिवसांत पीक रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं. आता वीस दिवसांचा खंड दोन्ही रानांवर मांडून बघ. मुरमाडात दहाव्या दिवशी खेळ आटोपतो, काळ्या रानात पीक जेमतेम दुपारी मलूल दिसतं. हवामान खात्याच्या नोंदीत मात्र दोन्हीकडे दुष्काळ एकच!

तेलबियांची दोन टोकं म्हणजे करडई आणि सोयाबीन. करडई पावसाळा सरता सरता पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती निघते. निवृत्तीच्या एकरकमी पैशावर उरलेली वर्षं काढणाऱ्या माणसासारखा तिचा हिशेब असतो: वर भर पडणार नाही, आहे ते दाणा भरेपर्यंत पुरवायचं. म्हणून करडई आधी जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसते, थंडीत वर वाढायची घाई करत नाही आणि तेवढ्यात मूळ दोन मीटरच्याही खाली उतरवते. खरिपातलं सोयाबीन रोजंदारीवर आहे. आज पाऊस, आठ दिवस नाही, पुन्हा पाऊस. पाणी जपणारी जनुकं करडईला फळतात. तीच सोयाबीनमध्ये घातली तर ज्या वर्षी खंड पडत नाही त्या वर्षी पीक उगाच हात आखडून बसतं आणि शेजाऱ्याच्या जेएस ३३५ या नेहमीच्या वाणापेक्षा मागे पडतं. शेतकरी असा वाण दुसऱ्या वर्षी घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ऑस्ट्रेलियाचे जॉन पॅसिउरा यांनी १९७७ मध्ये हे सगळं एका ओळीत बसवलं. धान्याचं उत्पादन म्हणजे पिकानं उपसलेलं पाणी, गुणिले त्या पाण्याच्या एककामागे तयार झालेला जीवभार (झाडाचं एकूण वाळलेलं वजन), गुणिले त्यातला दाण्यात गेलेला हिस्सा. ओळ सोपी आहे, पण गुणाकारातले तिन्ही आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. पान पाण्याचा ताण ओळखतं ते मुख्यतः ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकावरून. त्याला पकडणारी प्रथिनं २००९ मध्ये ओळखली गेली. पुढची साखळी पर्णरंध्रांच्या रखवालदार पेशींपर्यंत जाते आणि दार बंद होतं. पाणी वाचतं. पण कार्बन डायऑक्साइड आत यायचं दारही तेच. थेंबामागे जास्त जीवभार बनवणारी झाडं निवडत गेलं की हाताशी पुष्कळदा खुरटी, कमी पाणी पिणारी झाडं येतात. अब्राहम ब्लम यांनी २००९ मध्ये पैदासकारांना ठणकावून सांगितलं ते याचसाठी: पाण्याची काटकसर हे ध्येय धरू नका, जमिनीतलं जास्तीत जास्त पाणी उपसून कामाला लावणारं झाड शोधा. खोल जमिनीपुरतं ते मला पूर्ण पटतं. मुरमाडात उपसायला खाली काही नसतंच.

आता भुईमूग. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा इथं आहे.

भुईमुगाचं झाड म्हणजे दोन रानटी जातींचा मिलाफ. प्रत्येकीची दहा-दहा जोड्या गुणसूत्रं, म्हणून एकूण चाळीस. त्या दोन पूर्वजांचे जनुकसंच २०१६ मध्ये वाचून झाले, लागवडीच्या भुईमुगाचा २०१९ मध्ये. हा मिलाफ निसर्गात फार क्वचित घडला, त्यामुळे पिकातली मूळ विविधता तुटपुंजी. पैदासकाराला पत्ते कमी मिळतात, आणि बहुतेक जनुकांच्या दोन-दोन आवृत्त्या असल्यामुळे एक बिघडवली तरी दुसरी काम रेटून नेते.

भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी २४ हा ठेंगणा, दाण्यात जास्त वाटा टाकणारा वाण आणि पाणी चांगलं वापरणारा आयसीजीव्ही ८६०३१ यांचा संकर करून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं त्याच्या वंशावळीत ताणाच्या गुणांचे गुणसूत्रांवरचे पत्ते शोधले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. शंभराहून जास्त ठिकाणं सापडली आणि त्यातली बहुतेक किरकोळ परिणामाची. संशोधकांनीच लिहिलं की यातलं एखाद-दुसरं उचलून दुसऱ्या वाणात बसवण्यात फारसा अर्थ नाही, सगळ्या जनुकसंचाचा अंदाज एकत्र बांधून निवड करणं बरं. बातमीत मात्र "दुष्काळाची जनुकं सापडली" एवढंच येतं. जे सापडतं तो शंभर ठिकाणी विखुरलेला किरकोळ वाटा असतो.

याच्या शेजारी तेलाचा दर्जा ठेवून बघ. भुईमुगात ओलिक आम्लाचं प्रमाण ठरवणारी मुख्य जनुकं दोन, पूर्वजांकडून आलेली एकेक. दोन्हींमधला बिघाड एकत्र आणला की ओलिक ८० टक्क्यांच्या आसपास जातं. डीएनएवरच्या खुणा बघून रोपं निवडत ती जोडी चांगल्या वाणांत आणली आणि २०२० मध्ये गिरनार ४ आणि गिरनार ५ आले. पीक तेच आणि तंत्रही तेच. पण गुण दोन जनुकांचा होता, आणि जुनागढचा दाणा असो की सोलापूरचा, प्रयोगशाळेत मोजला की आकडा जवळपास तोच येतो. दुष्काळातलं उत्पादन मोजायला गेलं की एकाच वाफ्याच्या दोन टोकांमधला फरक वाणांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. एका टोकाला हातभर काळी माती, दुसऱ्याला मुरूम डोकावतोय. जनुक कितीही खरं असलं तरी एवढ्या गलक्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही.

आणि भुईमुगाची आणखी एक गंमत आहे जी पाठ्यपुस्तकातल्या ताणाच्या प्रकरणात सहसा नसते. फूल वर लागतं, त्यातून आरी (शेंग धरणारा देठासारखा कोंब) खाली येते, मातीत घुसते आणि शेंग वरच्या चार-पाच सेंटिमीटरात धरते. खंडात नेमका तोच थर वाळून कडक होतो. मूळ मीटरभर खोल ओलीत असलं तरी आऱ्यांना वरची कोरडी ढेकळं फोडता येत नाहीत. शेंगेला लागणारं कॅल्शियमही मूळ पुरवत नाही, शेंग ते थेट आपल्या भोवतालच्या मातीतून शोषते, आणि त्यासाठी माती ओली लागते. म्हणून ताण पडलेल्या वर्षी झाड हिरवंगार आणि शेंगा पोचट असं दृश्य दिसतं. खोल मुळाचं जनुक इथं काहीच करू शकत नाही. काढणीपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत ताण पडला तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी शेंगेत शिरते, ते दुखणं वेगळंच. उलट फुलोऱ्याआधी थोडा ताण बसला आणि नंतर पाणी मिळालं तर फुलं एकदम येतात आणि उत्पादन वाढलेलंही दिसतं. उन्हाळी भुईमूग करणारे मुद्दाम ताण देतात ते यासाठीच. पीक एक, वाण एक, पण ताण तिसऱ्या आठवड्यात पडला तर फायदा आणि बाराव्या आठवड्यात पडला तर नुकसान. असं असताना "ताण सहन करणारा वाण" हे शब्द कोणत्या आठवड्याबद्दल आहेत?

बाहेरून जनुक घालण्याचे प्रयोगही झाले, आणि त्यातला एक आपल्या मातीशी जोडलेला आहे. जळगावहून आलेला जेएल २४, म्हणजे फुले प्रगती, तुझ्या आजोबांनीही केला असेल. त्याच वाणात इक्रिसॅटनं अराबिडॉप्सिस या छोट्या झाडाचं डीआरईबी१ए हे नियंत्रक जनुक बसवलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. हे जनुक स्वतः काही बनवत नाही, ताणात उपयोगी पडणाऱ्या अनेक जनुकांना एकदम हाक मारतं. ते सतत चालू ठेवलं तर झाड खुरटतं, म्हणून ते ताण आल्यावरच चालू होणाऱ्या जनुकीय बटणाला जोडलेलं. काही वंशांमध्ये पाण्याचा वापर सुधारलेला दिसला, मुळंही ताणात जास्त वाढली. काम उत्तम होतं, पण तिथून शेतकऱ्याच्या पोत्यापर्यंत वाट गेली नाही. भारतात आजवर व्यापारी लागवडीला मिळालेलं जनुक-परिवर्तित पीक बीटी कापूस हे एकच.

व्यापारी लागवडीपर्यंत पोहोचलेलं उदाहरण अर्जेंटिनाचं आहे. राकेल चान यांच्या गटानं सूर्यफुलातलं एचबी४ हे जनुक ओळखलं, म्हणजे जनुकही तेलबियातलंच. ते सोयाबीनमध्ये आणि गव्हात घातलं. त्याची तऱ्हा मला आवडते: दारं लवकर बंद करून पाणी वाचवण्यापेक्षा ते इथिलिन या पानं पिकवणाऱ्या संप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद कमी करतं, त्यामुळे ताणात पानं म्हातारी व्हायची घाई करत नाहीत आणि झाड काम करत राहतं. मधूनमधून पाऊस येणाऱ्या खरिपी ताणाला ही तऱ्हा जुळते. अर्जेंटिनानं सोयाबीनला २०१५ मध्ये परवानगी दिली, पण माल घेणाऱ्या चीननं हो म्हणेपर्यंत २०२२ उजाडलं. जनुक शोधण्याइतकाच वेळ बाजाराची वाट बघण्यात जातो, हे बातम्यांत येत नाही. जाता जाता: जिच्यावरून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला आणि २०२४ मध्ये खंडित निकाल लागला ती डीएमएच ११ मोहरी दुष्काळाची नाही. तिच्यातली जनुकं संकरित बियाणं तयार करण्याच्या सोयीची आहेत. गावात बोलताना ही गल्लत नेहमी होते.

आता बाबांच्या सोयाबीनकडे. त्यात ताणाचा पहिला घाव पानावर बसायच्या आधी मुळांवरच्या गाठींवर बसतो. नत्र बांधण्याचं काम प्रकाशसंश्लेषणाच्या आधी मंदावतं. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं बनवणाऱ्या पिकाला हे महागात पडतं. पान अजून हिरवं दिसतं, पण आतली नत्राची आवक थांबलेली असते. त्यात तेलाचा खर्च वेगळा. एक ग्रॅम ग्लुकोजपासून पिठूळ पदार्थ बनवले तर सुमारे ०.८ ग्रॅम हाती येतात, तेल बनवलं तर साधारण एक तृतीयांश ग्रॅम. म्हणून बाजरी ज्या ताणात तग धरते त्याच ताणात तेलबियांचा दाणा बारीक पडतो. हे दुबळेपण जनुकांचं नाही, रसायनाचंच आहे.

सोयाबीनमध्ये उशिरा मलूल होणाऱ्या वाणांवर अमेरिकेत बरंच काम झालं. पीआय ४१६९३७ या जपानी वाणात असं दिसलं की दुपारी हवा फार कोरडी झाली की ते बाष्पोत्सर्जन एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. सकाळी सगळ्यांच्या बरोबरीनं कमावतं, दुपारी हात आवरतं. अशा गुणाची किंमत चांगल्या वर्षात कमी पडते, म्हणून मला हा रस्ता रंध्रं सरसकट बंद करण्यापेक्षा शहाणा वाटतो.

आणि तरीही, शेतकऱ्याच्या हातात आजवर जे खरं पोहोचलं ते बहुतांशी लवकर पक्व होण्याचं जनुक. सोयाबीनमध्ये फुलोऱ्याची वेळ ठरवणारी ई१ ते ई४ ही जनुकं दिवसाची लांबी वाचतात. यांच्या वेगवेगळ्या जोडण्यांमुळे एक वाण ८५-९० दिवसांत निघतो, दुसरा शंभरी पार करतो. अनंतपूरच्या रेताड रानात १९४० पासून ठाण मांडून बसलेल्या टीएमव्ही २ भुईमुगाला पर्याय म्हणून आयसीजीव्ही ९१११४ पुढे आला, त्यातही लवकर पक्वतेचा वाटा मोठा. दुष्काळ यायच्या आत घरी येणं याला शरीरशास्त्रवाले सहनशीलता म्हणत नाहीत, पळवाट म्हणतात. म्हणेनात का! मी पैदासकार आहे, मला पळवाट चालते. किंमत मात्र इथंही आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी लवकरचा वाण दोन-तीन पोत्यांनी मागे राहतो, आणि सप्टेंबरच्या शेवटी काढणीला आला की परतीच्या पावसात शेंगेतच कोंब फुटायची भीती.

आता प्रबंध. आपल्याकडे या विषयावरचे बरेच प्रबंध पेट्रीडिशमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मुळांना पाणी घेणं अवघड करणारं रसायन, ओतून सात दिवसांच्या रोपांवर होतात. त्यातून जे कळतं त्याला धक्का म्हणायचं, दुष्काळ नाही. छोट्या कुंडीतही तेच: मुळाला जायला जागा नाही, पाणी तीन दिवसांत संपतं. दुसरी अडचण यापेक्षा बारीक आहे आणि बाहेरचे परीक्षकही तिच्याकडे काणाडोळा करतात. पाणी बंद करून पाचव्या दिवशी सगळ्या वाणांची पानं तोडली, तर ज्याचा पसारा मोठा त्यानं कुंडी आधीच कोरडी केलेली असते. त्याची ताणाची जनुकं मोठ्यानं बोलणारच. मग तू लिहिणार की या वाणात अमुक जनुक जास्त व्यक्त होतं, आणि प्रत्यक्षात मोजलेली असेल फक्त पानांची संख्या. कुंड्या रोज वजन कर, मोठ्या घे, आणि प्रत्येक वाणातून नमुना घे तो मातीतलं उपलब्ध पाणी सारख्याच हिश्श्यावर आल्यावर, मग तो दिवस कोणताही असो. बहुतेक पिकांत साधारण एक तृतीयांश पाणी उरलं की बाष्पोत्सर्जन घसरायला लागतं. त्याच्या वर, त्या जागी आणि त्याच्या खाली असे तीन टप्पे पुरेत.

त्याच्याही आधी शिवाजीनगरला जा. कृषी हवामानाचा विभाग पुण्यात १९३२ पासून आहे, आणि कोरडवाहू शेतीचं पद्धतशीर संशोधन मांजरीला १९२३ मध्ये सुरू झालं. या शहराला पावसाच्या नोंदींची जुनी खोड आहे, तिचा फायदा घे. आण्याच्या जवळच्या पर्जन्यमापकाची जितक्या वर्षांची मिळेल तितकी रोजची नोंद काढ आणि १५ दिवसांहून मोठे खंड पेरणीपासूनच्या कितव्या आठवड्यात पडले ते मांड. तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तेच होईल, आणि बाबांना वाण निवडायला तेवढा एक तक्ता माझ्या सगळ्या उत्तरापेक्षा जास्त उपयोगी पडेल. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणाची राष्ट्रीय संस्था आहे, ती मुद्दाम मुरमाड, उथळ रानावरच उभी आहे. तिथली जमीन आणे पठाराशी नातं सांगणारी. जमलं तर शेतातला भाग तिकडे कर. आगरकर संशोधन संस्थेचे एमएसीएस मालिकेतले सोयाबीनचे वाण आणि कसबे डिग्रजचा फुले संगम तुलनेला घे, जोडीला एखादा ९० दिवसांच्या आतला.

बाबांना यंदापुरतं इतकंच सांग: सगळं रान एकाच वाणाखाली नको. मुरमाड तुकड्यात लवकरचा वाण, ओघळीतल्या काळ्या रानात १०० दिवसांच्या पुढचा. भुईमुगाला आऱ्या सुटायच्या वेळी जिप्सम आणि मातीची भर, म्हणजे वरचा थर निदान भुसभुशीत राहील. आणि ऑगस्टच्या खंडाच्या दहाव्या दिवशी तू स्वतः घरी जा, दोन्ही रानांतली सोयाबीनची रोपं कुदळीनं अलगद उचल, गाठी फोडून बघ. आतून लालसर असतील तर काम चालू आहे, हिरवट किंवा करड्या असतील तर थांबलंय. त्याच दिवशी शेंड्याखालचं तिसरं पान बर्फात ठेवून पुण्याला आण, कारण पाऊस आल्यावर आणलेल्या पानात शोधायला काही उरलेलं नसेल.